नाताळचा सिनेमा घरच्यांसोबत बघायचाय? रिमोट सगळ्यात शेवटी हातात घ्या

डिसेंबरच्या सुट्टीत आमच्याकडे दरवर्षी हाच प्रकार व्हायचा. साडेआठला जेवणं उरकायची, गाद्या हॉलमध्ये यायच्या, आणि मग प्रश्न: "काय लावू?" आठ माणसं, एक रिमोट. ट्रेलरवर ट्रेलर. सव्वानऊला एकदाचा सिनेमा लागेपर्यंत धाकटी झोपलेली असायची, सासूबाई "इंग्रजी आहे होय, बघा मग तुम्ही" म्हणत आत गेलेल्या असायच्या, आणि चौदा वर्षांच्या भाच्याने फोनमध्ये डोकं घातलेलं असायचं.

मैत्रिणींना विचारलं, तर घरोघरी मातीच्याच चुली. सिनेमा निवडायचा सगळे बसल्यावर, टीव्ही तपासायचा तो अडल्यावर, आणि हे लहानांना झेपेल का हा विचार करायचा नको ते दृश्य समोर आल्यावर. खालचे टप्पे याच क्रमाने करा. पहिले पाच आदल्या दिवसापर्यंत व्हायला हवेत.

## टप्पा १: आधी दोन माणसं ठरवा

घरातलं सगळ्यात लहान जागं माणूस कोण, आणि इंग्रजी सगळ्यात कमी कळणारं कोण? निवड या दोघांच्या हिशेबाने करायची. बाकीचे कुठेही जुळवून घेतात.

लहानांच्या बाबतीत नुसतं वय पुरत नाही, त्या वयाला काय टोचतं ते बघा. चार-पाच वर्षांच्या मुलांना भुताखेतांपेक्षा आई हरवणं, अंधारात एकटं राहणं, आवडतं पात्र नाहीसं होणं याची जास्त भीती वाटते. सात-आठ वर्षांची मुलं घाबरत नाहीत, नक्कल करतात (त्याबद्दल शेवटच्या टप्प्यात). आणि चार ते आठच्या मधल्या बऱ्याच मुलांचा सांतावर खरा विश्वास असतो. शाळेत लाल टोपीवाले काका पोतं घेऊन येऊन गेलेले असतात ना.

आजी-आजोबांचा हिशेब भाषेचा. मराठी ऑडिओ या सिनेमांना क्वचितच मिळतो, हिंदी बऱ्याचदा मिळतो. "सबटायटल लावू की" हे उत्तर आपल्याला सोपं वाटतं, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला दहा फुटांवरून पळती इंग्रजी अक्षरं वाचायला लावणं ही करमणूक नव्हे. त्यामुळे पसंतीचा क्रम असा ठेवा: संवाद नसलेला सिनेमा, मग हिंदीत डब झालेला, आणि सगळ्यात शेवटी इंग्रजी.

तपासा: पाच वर्षांची नात आणि चौदा वर्षांचा नातू यांना एकच सिनेमा लागू पडत नसेल, तर ओढून-ताणून बसवू नका. दोन खेळ करा. संध्याकाळी सगळ्यांसाठी अर्ध्या तासाचा, रात्री नऊनंतर मोठ्यांचा. आमच्या घरात या एका बदलाने निम्मी भांडणं मिटली.

## टप्पा २: दिवस आणि वेळ, मागून मोजत

झोपेच्या वेळेपासून उलटं मोजत या. धाकटी साडेनऊला झोपते असं धरा. सिनेमा १०० मिनिटांचा. मध्यंतर १५ मिनिटांचं, आणि १० मिनिटं "थांबा, मी आलेच" यांची. म्हणजे सव्वासात-साडेसातला सुरू व्हायला हवा. त्या वेळी घरात कुकर लागलेला असतो. म्हणून लांब सिनेमा दुपारी चारला लावा, जेवणाआधी संपतो. पडदे ओढले की अंधारही पुरेसा होतो.

इंग्रजी सिनेमाला मध्यंतर नसतं, आपल्याला ते लागतंच. साधारण पन्नासाव्या मिनिटाला कुठे थांबायचं ते आधी ठरवून ठेवा, नाहीतर ऐन पाठलागात कुणाला तरी बाथरूमला जायचं असतं.

दिवस निवडताना २४ डिसेंबरची रात्र टाळा, विशेषतः वसईत, वांद्र्यात किंवा गोव्यात राहत असाल आणि शेजारच्या मुलांनाही बोलावणार असाल तर. ख्रिस्ती घरांत येशूजन्माचा गोठा सजवायचा असतो, फराळाची ताटं पोचवायची असतात, आणि मग चर्चमधली मध्यरात्रीची मिस्सा. २६ ते ३० मधली कुठलीही दुपार बरी. शाळेला सुट्टी एकाच दिवसाची आहे की आठवडाभराची, हेही डायरीत बघून घ्या. शाळाशाळांत फरक असतो.

परदेशातल्या भावंडांबरोबर एकाच वेळी बघायचं असेल, तर इकडे संध्याकाळचे सात म्हणजे हिवाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे साडेआठ. पण एकाच ॲपवर दोन्ही देशांत तोच सिनेमा असेलच असं नाही. तिकडच्यांना आधी शोधून बघायला सांगा.

## टप्पा ३: तीन नावं काढा, तीसच्या यादीत शिरू नका

एक छोटा, एक मधला, एक राखीव. बस्स. मी वापरलेली नावं देते, कारण "चांगला बघून लावा" हा सल्ला कुणाच्याच कामाचा नाही.

छोटा, संवादाविना. 'द स्नोमॅन' (१९८२) फक्त २६ मिनिटांचा आहे. मुलगा बर्फाचा माणूस करतो, तो रात्री जिवंत होतो. संवाद नाहीत, मध्ये एक गाणं आहे. शेवटी सकाळी बर्फ वितळलेला असतो आणि मुलगा नुसता उभा राहतो. हे आधी माहीत असू द्या, हळव्या मुलाच्या डोळ्यांत पाणी येतं. हसत-खेळत काही हवं असेल तर शॉन या मेंढराचा 'द फ्लाइट बिफोर ख्रिसमस' (२०२१) आहे, साधारण अर्ध्या तासाचा. यातली मेंढरं बें-बें करतात आणि शेतकरी तोंडातल्या तोंडात पुटपुटतो. आजी आणि नात दोघींना सारखंच कळतं.

मधला, दीड तासाच्या आसपास. माझी पहिली पसंती 'क्लॉस' (२०१९) ला. सर्गिओ पाब्लोस यांनी दिग्दर्शित केलेला हा हाताने रेखाटलेला सिनेमा नेटफ्लिक्सचा आहे. आळशी पोस्टमन, भांडकुदळ गाव आणि खेळणी करणारा म्हातारा सुतार. यात मार्गू नावाची एक छोटी मुलगी आहे, उत्तर युरोपातल्या सामी जमातीची. ती तिच्याच भाषेत बोलते, पोस्टमनला ओ की ठो कळत नाही, आणि सिनेमा तिचं बोलणं आपल्यालाही उलगडून सांगत नाही. आमच्याकडे तिच्या प्रवेशाला सासूबाई खुर्चीत पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, "हं, आता सगळे माझ्यासारखे झाले."

'होम अलोन' (१९९०, १०३ मिनिटं) बहुतेकांना माहीत असतो: घरी एकटा राहिलेला मुलगा सापळे लावून चोरांची फजिती करतो, आणि हाणामारीला भाषा लागत नाही. 'एल्फ' (२००३, ९७ मिनिटं) मोठ्यांना जास्त हसवतो. 'आर्थर ख्रिसमस' (२०११, ९७ मिनिटं) गोष्ट म्हणून फार छान आहे, एका मुलीची राहून गेलेली भेट पोचवायची एवढीच. पण संवाद ब्रिटिश आणि भरधाव, त्यामुळे इंग्रजी सवयीचं नसेल तर नको. 'द पोलर एक्सप्रेस' (२००४, १०० मिनिटं) लहानांना आगगाडीसाठी आवडतो. मात्र खऱ्या नटांच्या हालचाली टिपून संगणकावर केलेले ते चेहरे काही मुलांना भीतीदायक वाटतात. आमच्या धाकटीने दहाव्या मिनिटाला उशी तोंडावर घेतली ती घेतलीच.

राखीव. निवडलेला सिनेमा ऐन वेळी चाललाच नाही तर. हा वेगळ्या ॲपवरचा असावा, म्हणजे एक ॲप बंद पडलं तरी दुसरं हाताशी राहतं.

दहा-बारा वर्षांपुढच्यांसाठी 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६) जरूर बघा, पण १३० मिनिटं, कृष्णधवल, आणि नायक कर्जापायी पुलावर जीव द्यायला उभा राहतो असा प्रसंग त्यात आहे. रात्रीच्या खेळाला ठीक.

सावधान, पोस्टरला भुलू नका:

'लव्ह ॲक्चुअली' (२००३) च्या नावाभोवती नाताळचं वातावरण इतकं आहे की लोक सासू-सासऱ्यांसह लावतात. अमेरिकेत त्याला 'आर' प्रमाणपत्र आहे (सतरा वर्षांखालच्यांना मोठ्यांशिवाय मनाई), आणि त्यात एक जोडी अशी आहे की तिच्या दृश्यांत घरातले सगळे एकदम पंख्याकडे बघायला लागतील. 'बॅड सँटा' (२००३) आणि 'व्हायलंट नाइट' (२०२२) यांच्या पोस्टरवर सांता आहे, सिनेमे मात्र ठार मोठ्यांचे.

'ग्रेमलिन्स' (१९८४) ला 'पीजी' (पालकांच्या मार्गदर्शनाने बघावा) आहे म्हणून कुणी सुचवेल. त्यातली मारामारी बघून तेव्हा पालक इतके वैतागले की हा सिनेमा आणि त्याच वर्षीचा इंडियाना जोन्सचा सिनेमा यांच्यामुळे अमेरिकेत जुलै १९८४ मध्ये 'पीजी-१३' हा तेरा वर्षांखालच्यांच्या पालकांना जास्त सावध करणारा नवा वर्ग काढावा लागला. म्हणजे त्याआधीच्या सिनेमांवरचं 'पीजी' आजच्या 'पीजी'सारखं समजू नका.

आपल्याकडच्या ॲपवर २०२१ च्या नियमांनुसार यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए असे शिक्के असतात, आणि यू/ए १३+ पासून पुढच्यांना कुलूप घालायची सोय ॲपला द्यावीच लागते. शिक्क्याशेजारी कारणही लिहिलेलं असतं: भाषा, हिंसा, भीती. ते वाचा. वयापेक्षा त्या दोन शब्दांतून जास्त कळतं.

## टप्पा ४: वीस मिनिटं स्वतः बघा

सगळा सिनेमा आधी बघायची गरज नाही. पहिली दहा मिनिटं, मधली पाच आणि शेवटची पाच. पहिल्या दहात भाषेचा वेग कळतो, मधल्या पाचात भीतीचा अंदाज येतो, शेवटच्या पाचात कुणी जातंय का ते कळतं. 'क्लॉस'मध्ये म्हाताऱ्याची बायको वारलेली आहे आणि शेवटाला निरोपाचा प्रसंग आहे. तो सुंदरच आहे. पण घरात नुकतंच कुणी गेलं असेल, तर तुम्हाला आधी माहीत असावं.

दुसरी तपासणी सांताच्या गुपिताची. 'ग्रेमलिन्स'मध्ये एक मुलगी ते स्पष्टच सांगून टाकते. 'एल्फ'मध्ये 'भेटी आईबापच ठेवतात अशी अफवा आहे' असं ओझरतं येतं, आणि चाणाक्ष सात वर्षांच्या मुलाला तेवढं पुरतं. आपल्या घरात हे गुपित नसेलही, पण शेजारची मुलं बसणार असतील तर ते त्यांच्या आईबापांचं आहे. त्यांना आधी विचारा.

तपासा: मुलं विचारतील असे तीन प्रश्न कागदावर लिहा आणि मराठीत एकेका वाक्याचं उत्तर तयार ठेवा. मोजा शेकोटीपाशी का टांगतात? (रात्रीतून त्यांत भेटी येतात अशी समजूत.) गाजर बाहेर का ठेवलंय? (गाडी ओढणाऱ्या रेनडियरसाठी.) "आपल्याकडे धुराडं नाही, मग तो येणार कुठून?" याला आमच्याकडे 'लिफ्टने' हे उत्तर मंजूर झालेलं आहे.

## टप्पा ५: टीव्हीची रंगीत तालीम

ही आदल्या दिवशी, ज्या टीव्हीवर बघायचंय त्याच टीव्हीवर करा. फोनवर लागला म्हणजे टीव्हीवर लागेलच असं नाही. हे मी ऐन पाहुण्यांसमोर शिकले. आमचा एका ॲपचा प्लॅन फक्त मोबाइलचा निघाला, आणि आठ माणसं सहा इंची पडद्याभोवती पाच मिनिटं वाकून उभी होती.

१. सिनेमा अजून आहे का ते बघा. हक्कांचे करार संपतात, मागच्या वर्षीचा सिनेमा यंदा दुसऱ्याच ॲपवर असतो किंवा भाड्याने घ्यावा लागतो. जस्टवॉच या वेबसाइटवर भारत निवडून नाव टाकलं की कुठे आहे ते कळतं. तरी शेवटी ॲप उघडून प्ले दाबूनच खात्री करा.

२. ऑडिओ बदलून ऐका. हिंदी आहे असं वाचून गप्प बसू नका. ऑडिओच्या यादीत जाऊन लावा, दोन मिनिटं ऐका. गाणी डब केली आहेत की इंग्रजीच ठेवली आहेत तेही समजेल.

३. सबटायटल लावायचेच असतील तर अक्षर मोठं करा. काळ्या पट्टीवर पांढरं, मोठं. ही सेटिंग बहुतेक ॲपमध्ये सिनेमा चालू असताना दिसत नाही, खात्याच्या किंवा टीव्हीच्या सेटिंगमध्ये दडलेली असते. म्हणून आदल्या दिवशी.

४. आवाज. संवाद कुजबुजीएवढे आणि संगीत छप्पर उडवणारं, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. ऑडिओच्या यादीत ५.१ आणि साधा स्टीरिओ असे दोन पर्याय असतील आणि तुमच्याकडे नुसता टीव्हीच असेल, तर स्टीरिओ घ्या. ५.१ मध्ये संवाद मधल्या स्पीकरसाठी वेगळे ठेवलेले असतात, टीव्हीचे दोन बारके स्पीकर ते सगळं कोंबून वाजवतात. टीव्हीत 'क्लिअर व्हॉइस' किंवा 'नाइट मोड' असेल तर तोही लावा.

५. चित्र. कडेला काळ्या पट्ट्या दिसल्या की कुणीतरी झूम करतंच. करू देऊ नका. 'इट्स अ वंडरफुल लाइफ'सारखा जुना सिनेमा जवळपास चौकोनी आहे. तो ताणला की माणसं फुगलेल्या पुऱ्यांसारखी दिसतात. 'मोशन स्मूदिंग' (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सेटिंग) बंद करा आणि चित्राचा प्रकार 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' ठेवा.

६. नेट. एचडीला साधारण ५ एमबीपीएस वेग आणि तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागतो. म्हणजे १०० मिनिटांना ५ जीबी. रोज दीड-दोन जीबी मिळणाऱ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सिनेमा मध्यंतरापर्यंतही पोचणार नाही.

सावधान: सिनेमा फोनमध्ये डाउनलोड करून टीव्हीवर कास्ट करू, असं गृहीत धरू नका. कास्ट केल्यावर टीव्ही साधारणपणे तो पुन्हा इंटरनेटवरूनच ओढतो. गावच्या घरी जिथे नेट नाही, तिथे हा बेत फसतो.

आणि सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टरवर लावायचा विचार असेल, तर घरचं सबस्क्रिप्शन घरापुरतंच असतं. सार्वजनिक खेळाला हक्कधारकांची वेगळी परवानगी लागते, तिकीट लावलं नाही तरीही.

## टप्पा ६: बैठक आणि खाणं

लहान मुलं पुढे गादीवर, आजी-आजोबा मागे पाठीला टेकू असलेल्या खुर्चीत, कडेला. बाथरूमची वाट मोकळी. ट्यूबलाइट बंद, पण पूर्ण काळोख नको. आकाशकंदिलातला छोटा दिवा कोपऱ्यात लावला की भीतीही कमी वाटते आणि ठेचाही लागत नाहीत.

खाणं हाताला चिकटणारं आणि कुरकुरीत आवाजाचं नको. चकल्या मध्यंतराला ठेवा, संवादावर चकली जिंकते. शेजारून कुलकुल, नेवऱ्या आल्या असतील तर त्या बशीत वाटूनच द्या. एक मोठं ताट मध्ये ठेवलं की पहिली वीस मिनिटं सगळे ताटाकडेच बघतात. मक्याच्या लाह्या चार वर्षांखालच्यांच्या हाती देऊ नका, घशात अडकतात.

## टप्पा ७: सिनेमा चालू असताना

रिमोट एकाकडेच, आणि तो माणूस चौदा वर्षांचा असेल तर उत्तम. जबाबदारी आली की त्याचा फोन आपोआप खाली जातो.

भाषांतरालाही एकच माणूस नेमा आणि त्याला आजीशेजारी बसवा. तिघं एकदम समजावायला लागले की मूळ सिनेमा कुणालाच ऐकू येत नाही. प्रत्येक वाक्य सांगू नका. "तो खोटं बोलतोय", "हिला पत्र मिळालं नाही", एवढं पुरतं.

एखादं मूल घाबरलं तर "काही नाही रे, खोटं असतं" म्हणून पुढे रेटू नका. थांबवा, दिवा लावा, पाणी द्या, पुढे काय होतं ते सांगून टाका. मोठ्यांची मजा थोडी जाते, जाऊ दे.

तपासा: तिसाव्या मिनिटाला सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे एकदा बघा. दोघांपेक्षा जास्त जण कंटाळलेले दिसले तर राखीव सिनेमा लावा किंवा सरळ पत्ते काढा. सुरू केला म्हणून संपवायलाच हवा असा नियम नाही. उरलेला उद्या बघता येतो.

## टप्पा ८: संपल्यावर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी

लगेच "काय शिकलास यातून?" विचारू नका. मुलं पुढच्या वेळी बसत नाहीत.

'होम अलोन' बघितला असेल तर मात्र झोपण्याआधी एक बोलणं करायलाच हवं: डोक्यावर इस्त्री पडली, रंगाचा डबा तोंडावर आदळला, तर खरा माणूस उठून पळत नाही, दवाखान्यात जातो. इस्त्री आणि तेलाची बरणी त्या रात्री उंचावर ठेवा. आम्ही हे केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला दुधाच्या पिशव्या घेऊन आत येणाऱ्या सासऱ्यांना उंबऱ्याच्या आत अकरा छोट्या मोटारी ओळीने मांडलेल्या दिसल्या, नशीब दिवा लागलेला होता. भाच्याला उठवून विचारलं, तर तो डोळे चोळत म्हणाला, "आजोबांसाठी नव्हत्या. चोरांसाठी होत्या."